फेझंटच्या शिकारीत हरवलेलं सामान शोधायचं कुठे, आणि खिशात विसरायचं काय नाही

प्रश्न थोडक्यात असा होता: मित्राबरोबर पहिल्यांदाच अमेरिकेतल्या साउथ डकोटाला फेझंटच्या (लांब शेपटीचा, कोंबड्यासारखा रानपक्षी) शिकारीला गेलो, उंच गवतात ई-कॉलरचा, म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातल्या इशारा देणाऱ्या पट्ट्याचा, रिमोट पडला, दोघांनी दीड तास शोधला, मिळाला नाही. त्याच शेतात दुसऱ्या कुणाचा तरी चोक (बंदुकीच्या नळीच्या तोंडात बसवायची आट्यांची नळी) आणि दोन काडतुसं सापडली, त्यांचं काय करायचं? आणि पुढच्या वेळी काय काय विसरायचं नाही याची यादी मिळेल का?

यादी नाही देत. ती प्रत्येक दुकानाच्या साइटवर आहे, लोक प्रिंट काढतात, फ्रिजवर लावतात आणि निघतात. बाकीचं सविस्तर सांगतो.

त्याआधी एक गोष्ट, कारण मराठीत लिहितोय तर हे कुणीही वाचेल. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यानंतर हौसेची शिकार संपली, त्यामुळे गावाकडे बसून कुणी यातून लावे-तित्तर धरायच्या आयडिया घेऊ नयेत, तिकडे तो सरळ गुन्हा आहे. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या मिनेसोटा-डकोटा पट्ट्यातलं, जिथे लायसन्स काढून, सीझन आणि लिमिट सांभाळून हे चालतं. साउथ डकोटात तर फेझंट हा राज्यपक्षी आहे आणि मुळात तो चीनमधून आणलेला, तिथली पहिली शिकार १९१९ ची, आता ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी अख्खं राज्य नारंगी टोप्या घालून शेतात उतरतं.

तर रिमोट. दीड तास तुम्ही काय केलं असेल ते न बघता सांगतो, सकाळपासून जिथून जिथून चाललात त्या सगळ्या वाटेवर मान खाली घालून परत चाललात. सगळे हेच करतात आणि म्हणून मिळत नाही. सरळ चालताना माणसाच्या अंगावरून फार कमी वस्तू पडतात. पडतात त्या थांबल्यावर. तारेचं कुंपण ओलांडताना वाकलात, पडलेला पक्षी उचलून पाठीमागच्या गेम बॅगमध्ये कोंबला, कुत्र्याला पाणी पाजलं, त्याच्या पंजातली गोखरं काढायला गुडघ्यावर बसलात, ऊन चढलं म्हणून जॅकेट काढून कमरेला बांधलं, फोन काढला, लघवीला थांबलात. वस्तू हरवते ती या जागांवर, आणि अख्ख्या सकाळीत अशा जागा मोजून दहा-पंधरा असतात. मैलभर गवत शोधण्यापेक्षा या दहा-पंधरा जागा गुडघ्यावर बसून शोधणं केव्हाही परवडतं.

आता त्या दहा-पंधरातूनही कमी करता येतात. दोन वेळा पक्क्या करायच्या: रिमोट हातात होता असं शपथेवर सांगता येईल असा शेवटचा क्षण कुठला, आणि नाहीये हे लक्षात आलं तो क्षण कुठला. पहिला क्षण म्हणजे 'मला वाटतं तेव्हा होता' असा नको, बटण दाबलं आणि कुत्रा वळला असा हवा. मित्राला वेगळं विचारा, तुमच्यासमोर नको, नाहीतर तो तुमच्याच गोष्टीला मान डोलावणार. आणि फोनमधले फोटो बघा! पहिल्या रूस्टरबरोबर, म्हणजे नर फेझंटबरोबर, फोटो काढलाच असणार, पहिल्या वेळी सगळेच काढतात, त्या फोटोला वेळ असते, बहुतेक वेळा जागाही असते, आणि गळ्यातली रिमोटची दोरी दिसतेय की नाही तेही कळतं. दिसतेय तर त्याच्या आधीचं सगळं शेत बाद. एका फोटोने अर्धं काम होतं.

ऑनएक्स वगैरे नकाशाच्या ॲपमध्ये ट्रॅक चालू असेल, किंवा कुत्र्याच्या गळ्यात गार्मिनचा अल्फा हा जीपीएस पट्टा असेल तर त्याच्या हँडहेल्डमध्ये कुत्र्याबरोबर तुमचाही माग निघतो, तो झूम करून बघा. चालत होतात तिथे रेघ सुटसुटीत दिसते, थांबलात तिथे तिचा गुंता झालेला असतो. ते गुंते म्हणजे तुमच्या शोधायच्या जागा. ट्रॅक चालू नव्हता तर गाडीच्या मागच्या फळीवर बसून कागदावर शेत काढा आणि आठवून खुणा करा, घाईत शेतात परत घुसू नका, ते पाणकणसाचं दलदलीचं टोक, ती पवनचक्की, तो मक्याचा पट्टा, असं आठवत गेलं की थांबे आपोआप आठवतात.

मग शोधायचं कसं. बंदूक रिकामी करून केसमध्ये, केस गाडीत. यावर चर्चा नको. भरलेली बंदूक एका हातात आणि दुसऱ्या हाताने गवत बाजूला करतोय असा माणूस मी शेजारी उभा करून घेत नाही. हो, नेमका तेव्हाच पायाखालून रूस्टर उडणार, तो उडतोच, उडू दे. कुत्रापण गाडीत, तो मदत म्हणून सगळीकडे धावतो आणि गवत तुडवून ठेवतो, मग तुम्हाला तुमचीच वाट दिसत नाही. स्विचग्रास आणि ब्लूस्टेम छातीपर्यंत उंच असतं, वस्तू वर अडकून राहत नाही, थेट बुडाशी जाते, आणि उभ्याने बुड दिसतच नाही. म्हणून गुडघ्यावर बसा, काठीने नाही, हाताने गवत फाकवा, थांब्याच्या मधोमध सुरू करून गोल गोल बाहेर जा, तीन-चार पावलांचं वर्तुळ झालं की ती जागा संपली, गवताला रंगीत फीत बांधा आणि पुढच्या जागेवर जा. फीत नंतर सोडून आणा, लोक विसरतात, मग शेतात वर्षभर गुलाबी झिरमिळ्या. कुंपणाजवळ दोन्ही बाजू बघा, तारेवरून उडी मारताना वस्तू बऱ्याचदा पलीकडे जाऊन पडते.

उन्हाची वेळही महत्त्वाची. भर दुपारी गवतात काही चमकत नाही, सगळं सपाट पिवळं दिसतं. सूर्य खाली असताना, संध्याकाळी किंवा सकाळी, तिरप्या उजेडात प्लास्टिकची कड चमकते. साउथ डकोटात फेझंटवर सकाळी दहाच्या आधी बार टाकताच येत नाही, तेव्हा आदल्या दिवशी हरवलेलं शोधायला दुसऱ्या दिवशीची सकाळ आयती मोकळी असते.

एअरटॅग (हरवलेली वस्तू फोनवर शोधायचं ॲपलचं बिल्लं) लावला असता तर, असं तुमच्या मित्राने म्हटलंच असेल. उपयोग आहे पण लोकांना वाटतं तेवढा नाही. शहरात तो मिळतो कारण आजूबाजूला हजार लोकांचे फोन त्याची खबर देतात, प्रेअरीत, म्हणजे या गवताळ माळावर, आजूबाजूला गायी असतात. तिथे तुमच्याच फोनला तो जवळून सापडायला हवा, म्हणजे साधारण दहा मीटर, ओल्या दाट गवतात त्याहून कमी. म्हणजे परत तेच, आधी थांबे काढा, मग एकेका थांब्यावर फोन घेऊन जा. मेटल डिटेक्टर मात्र परवानगी विचारल्याशिवाय गाडीतून काढू नका, सरकारी जमिनींवर बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि प्लास्टिकच्या रिमोटला तसाही फार उपयोग नाही.

जमीन खाजगी असेल तर शेतकऱ्याला फोन करून मगच आत जा. मारलेला पक्षी किंवा आत घुसलेला कुत्रा परत आणायला काही राज्यांत सवलत आहे, मिनेसोटात कुत्रा आणायला बंदूक बाहेर ठेवून जाता येतं, पण 'माझा रिमोट पडलाय' याला ती सवलत लागू नाही. विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट पुढच्या वर्षी गवत कापताना लक्ष ठेवतो म्हणतात आणि ठेवतातही.

आणि आता नाहीच मिळाला तर बर्फ वितळल्यावर जा. बर्फाने गवत आडवं झालेलं असतं, एप्रिलच्या सुरुवातीला त्याच शेतात जमीन दिसते जी ऑक्टोबरमध्ये दिसत नव्हती. चांगल्या कंपन्यांचे रिमोट पाण्याला टिकतात, हिवाळा काढलेले मी चालू झालेले बघितलेत. पण तेव्हा कुत्रा मोकळा सोडू नका, पक्षी घरट्याच्या तयारीत असतात, मिनेसोटाच्या सरकारी जमिनींवर १६ एप्रिल ते १४ जुलै शिकारी कुत्र्यांचं ट्रेनिंग बंद असतं ते याचसाठी. तोपर्यंत नवीन सेट घ्यायची घाई करू नका, बऱ्याच मॉडेलना नुसता रिमोट वेगळा मिळतो आणि जुन्या कॉलरशी जोडता येतो. आणि शिट्टी! गळ्यात साधी प्लास्टिकची शिट्टी कायम हवी, कुत्रा शिट्टीवर परत येत नसेल तर त्याला रिमोटवर शिकारीला आणायचंच नाही. रिमोट गेला तर दिवस खराब व्हावा, कुत्रा जाऊ नये.

हीच पद्धत पडलेल्या पक्ष्यालाही लागू, आणि खरं सांगायचं तर रिमोटपेक्षा मला त्याचं जास्त वाटतं. नवीन माणूस बार टाकतो, पक्षी पडतो, आणि तो आनंदाने ओरडत डोळे हलवतो. संपलं. गवतात पडलेला तपकिरी पक्षी तीन फुटांवरून दिसत नाही. पडताना ज्या झुडपाच्या, ज्या गवताच्या शेंड्याच्या रेषेत पडला त्याच्यावर डोळा ठेवून चालायचं, दुसऱ्या रूस्टरवर बंदूक उचलायची नाही, आणि पोचलो असं वाटलं की डोक्यावरची नारंगी टोपी तिथेच टाकायची, तिच्याभोवती शोधायचं. दोघं असाल तर दोघांनी आपापल्या जागेवरून बोट दाखवायचं, दोन रेघा जिथे मिळतात तिथे पक्षी. बहुतेक वेळा तो आपल्याला वाटतं त्याच्या पलीकडे पडलेला असतो. पाय तुटका नसेल तर पळतो, फेझंट पळण्यात पटाईत, म्हणून कुत्र्याला वाऱ्याच्या खालच्या अंगाने आणायचं आणि आपण मधे लुडबूड करायची नाही. पक्षी मिळवायचा प्रामाणिक प्रयत्न करणं हा नुसता शिष्टाचार नाही, बदकं, वुडकॉक अशा स्थलांतरित पक्ष्यांसाठी तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, नियम आहे.

सापडलेल्या सामानाचं आता. चोक आधी. तो तुमच्या बंदुकीत बसतोय का बघायचा मोह होतो, करू नका. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे, एकाच कंपनीत दोन-दोन पद्धती, जोर लावून अर्धा बसवलेला चोक म्हणजे नळीचं तोंड फाटायची सोय. आणि ज्याचा हरवलाय त्याच्यासाठी उलटी सूचना: चोक पडल्याचं लक्षात आलं की बंदूक बंद, तशीच चालवली तर नळीच्या आतले आटे खराब होतात. दर दोन-तीन तासांनी बंदूक पूर्ण रिकामी करून, ॲक्शन (काडतूस भरायची जागा) उघडी ठेवून, चोक घट्ट आहे का ते बोटाने बघायची सवय लावा, बार टाकून टाकून तो सैल होतो. सापडलेल्या छोट्या वस्तूंसाठी इकडे चांगली पद्धत आहे, हातमोजा, टोपी, पाण्याची वाटी, चोक, सगळं पार्किंगच्या पाटीच्या खांबाला किंवा कुंपणाच्या खुंटाला दिसेल असं लावून ठेवायचं, ज्याचं असेल तो वीकेंडला परत येतोच.

सापडलेली काडतुसं मात्र खांबावर ठेवायची नाहीत, वापरायची तर मुळीच नाहीत. कुणी घरी भरलेलं आहे, किती पावसाळे खाल्लेत, आत काय आहे, काही कळत नाही. गावातल्या बंदुकीच्या दुकानात किंवा शेरीफच्या ऑफिसला फोन करून द्या, कचऱ्यात नको, कॅम्पफायरमध्ये तर नकोच नको. रिकामी नळकांडी दिसली तर तीही उचला, आपली असोत की नसोत.

बंदूक सापडते का? सापडते. लोक झाडाला टेकवून पक्षी उचलायला जातात, गाडीच्या बंपरला टेकवून बूट काढतात आणि तशीच गाडी काढतात. अशी बंदूक दिसली आणि तुम्हाला ते मॉडेल सुरक्षित हाताळता येत नसेल तर हात लावू नका, तिथे उभं राहून शेरीफला किंवा गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम सांभाळणारा अधिकारी) फोन करा. घरी नेऊन मग मालक शोधू, हा विचार कितीही सज्जनपणाचा वाटला तरी दुसऱ्याची, कदाचित चोरीची, बंदूक तुमच्या गाडीत आहे एवढंच पोलिसाला दिसणार.

आणि कुत्रा सापडला तर. गळ्यात नारंगी पट्टा आणि अँटेना असलेला कुत्रा रस्त्याकडेला एकटा दिसला तर तो हरवलेला नाही, त्याचा मालक पाव मैलावर स्क्रीनकडे बघत चालत येतोय. चांगल्या मनाचे लोक त्याला गाडीत घालून तीस मैलांवरच्या शेल्टरमध्ये नेतात आणि मालकाचा जीव जातो. ट्रॅफिकचा धोका असेल तर धरून तिथेच थांबा, पट्ट्यावरच्या नंबरला फोन करा. तुमचाच कुत्रा गेला असेल तर शेवटचा दिसला तिथे अंगातलं घामट जॅकेट आणि पाणी ठेवा, रात्री शोधून थकलात तरी पहाटे तिथेच परत जा, बरेच कुत्रे त्या जॅकेटवर झोपलेले मिळतात.

विसरण्याबद्दल. टोपी, मोजे, सँडविच हे विसरलात तर काही बिघडत नाही, गावात दुकान असतं. मधून मोडणारी दुनळी बंदूक वापरणारे लोक पुढचा लाकडी भाग दुसऱ्या केसमध्ये घरी ठेवून येतात आणि दोनशे मैलांवर बंदुकीऐवजी नळी आणि दस्ता घेऊन उभे राहतात, ते जास्त बोचतं. ट्रिगर लॉकची किल्लीही तशीच. घरून स्लीपर घालून गाडी चालवत आलेला आणि बूट दारात राहिलेला एक तरी माणूस दर सीझनच्या पहिल्या दिवशी असतो.

पण कागद विसरू नका, आणि इथे आपल्या लोकांनी नीट वाचा. एच-वन बी सारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ ठेवायलाच मुळात बंदी आहे, त्याला जे काही अपवाद आहेत त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे तुमच्यासाठी लायसन्स हे फक्त वॉर्डनला दाखवायचं कार्ड नाही, बंदूक हातात धरायचा आधारच तो आहे, आणि त्याची मुदत संपली तर कपाटातली बंदूकही प्रश्न होऊन बसते. मिनेसोटाचं लायसन्स फेब्रुवारीअखेर संपतं, सीझन जानेवारीपासून बंद असल्यामुळे मार्चमध्ये कुणाच्या लक्षातही येत नाही. साउथ डकोटाचं बाहेरच्या माणसाचं लायसन्स पाच-पाच दिवसांच्या दोन तुकड्यांत मिळतं, तारखा आधी निवडायच्या असतात, चुकीच्या तारखा टाकून आलेले लोक मोटेलमध्ये टीव्ही बघतात. ग्रीन कार्डवाल्यांना ही व्हिसाची भानगड नाही. तरी शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाका, मित्राच्या मित्राला विचारू नका. फोनमध्ये लायसन्स आहे म्हणता, पण उणे तापमानात फोन बंद पडतो, कागदाची एक प्रत झिपलॉकमध्ये टाकून व्हेस्टच्या (शिकारीच्या खिसेवाल्या बंडीच्या) आतल्या कप्प्यात ठेवा.

भडक नारंगी किंवा भडक गुलाबी कपडा मिनेसोटात फेझंटच्या आणि ग्राउस या रानपक्ष्याच्या शिकारीला कमरेच्या वर दिसेल असा हवाच, कायदाच आहे. तो विसरला तर गाडीतून उतरू नका.

आता मला जे खरं सांगायचंय ते. हरवलेल्या वस्तूने पैसे जातात. खिशात विसरून राहिलेल्या वस्तूने त्याहून जास्त काही जातं, आणि ती वस्तू म्हणजे काडतूस.

पहिली गोष्ट शिशाची. फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरिया, म्हणजे बदकांसाठी राखलेल्या केंद्र सरकारच्या जमिनी, ज्यांना सगळे डब्ल्यूपीए म्हणतात, तिथे फेझंट मारायलाही स्टीलसारखे बिनविषारी छर्रेच लागतात. बदकांना तर १९९१ पासून देशभर शिसं बंद आहे. लोकांना वाटतं शिशाचं काडतूस वापरलं नाही म्हणजे झालं. तसं नाही, अशा जमिनीवर ते खिशात असणंही चालत नाही. मागच्या आठवड्यात खाजगी शेतात शिशाने खेळलात, त्यातलं एक व्हेस्टच्या कोपऱ्यात राहिलं, या आठवड्यात डब्ल्यूपीएवर वॉर्डनने खिसे उलटे करायला सांगितले, झाली पावती. उत्तरेत ग्राउसला जाताना अजून एक, वुडकॉकवर बार टाकणार असाल तर बंदुकीत तीनच काडतुसं मावतील असा प्लग लागतो, उन्हाळ्यात मातीच्या चकत्यांवर नेमबाजीला (क्लेला) जाताना काढलेला प्लग तुमच्या गॅरेजच्या डब्यात पडलेला असणार, आत्ताच बघा.

दुसरी जिवाची. गेज म्हणजे नळीची जाडी, आणि ट्वेंटी हे ट्वेल्व्हपेक्षा बारीक. ट्वेंटी गेजचं काडतूस चुकून ट्वेल्व्ह गेजच्या नळीत गेलं तर ते चेंबरमधून पुढे सरकून नळीतच अडकतं. बार उडत नाही, माणसाला वाटतं काडतूस भरलंच नव्हतं, तो मागून ट्वेल्व्हचं भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो. म्हणूनच ट्वेंटीची काडतुसं पिवळी असतात. पण पहाटेच्या अंधारात, हातमोजा घालून खिशात हात घालणाऱ्याला पिवळं काय नि लाल काय. घरात दोन्ही गेज असतील तर दोन व्हेस्ट ठेवा. एका व्हेस्टमध्ये दोन्ही जातील अशी वेळच येऊ देऊ नका, बायको ट्वेंटी वापरते आणि तुम्ही ट्वेल्व्ह तर एकमेकांची काडतुसं 'जरा धर' म्हणून खिशात घेऊ नका. बंदुकीचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला किंवा आलाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, रिकामी करा, आणि नळीतून पलीकडचं आकाश दिसतंय का बघा. दिसल्याशिवाय पुढचं काडतूस नाही.

त्यामुळे माझ्याकडे घरी आल्यावर चहाच्याही आधी व्हेस्ट गॅरेजच्या फरशीवर उलटं होतं. प्रत्येक खिसा बाहेर काढायचा, नुसता चाचपायचा नाही, झिप उघडून अस्तर बाहेर येईपर्यंत. पिसं, गवताचं बी, बिस्किटाचे तुकडे, आणि त्यात कधीतरी एक काडतूस निघतंच. फाटलेल्या खिशातून अस्तरात गेलेलं काडतूस हाताला लागत नाही, म्हणून व्हेस्ट झटकून वजन बघायचं.

आणि तिसरी गोष्ट विमानतळाची, ती फक्त आपल्यालाच लागू होते म्हणून वेगळी. नोव्हेंबरमध्ये फेझंट, डिसेंबरमध्ये भारत, हा आपल्याकडच्या बऱ्याच घरांचा कार्यक्रम. शिकारीला नेलेली डफल बॅग तीच सुट्टीला जाते. भारतात लायसन्सशिवाय एक जिवंत काडतूस बॅगेत मिळालं तरी १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो, मग तुमच्याकडे मिनेसोटाचं कितीही सुंदर लायसन्स असो. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे दाखवता आलं तर हायकोर्ट असे गुन्हे रद्द करतं, अशी बरीच उदाहरणं आहेत, पण ते रद्द होईपर्यंत तुमचं विमान गेलेलं, रजा संपलेली, वकिलाची फी चालू, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर 'कधी अटक झाली होती का' या रकान्यापुढे थांबायची वेळ. भारतात येतानाच पकडलं जाईल असंही नाही, अमेरिकेतून निघताना चेक्ड बॅगेत ते निसटतं आणि परतीच्या वेळी मुंबईच्या स्कॅनरवर दिसतं. मधे दुबई किंवा दोहा असेल तर तिथले कायदे वेगळे आणि तिथे ओळखीचं कोणी नाही.

म्हणून शिकारीची बॅग शिकारीचीच ठेवा, तिच्यावर नारंगी टेप मारा, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की ही विमानात जाणार नाही. मुलांनी आठवण म्हणून उचललेली रिकामी नळकांडी, काडतुसाचं कीचेन, हे पण बॅगेतून काढा, रिकामं आहे हे स्कॅनरवरच्या माणसाला पटवण्यात तासभर जातो. आणि आई-बाबा थंडीत आले असतील, बाबांना बाहेर फिरायला जाताना दारामागचं ते शिकारीचं जाड तपकिरी जॅकेट फार आवडतं, ऊबदार असतं, खिसे मोठे असतात, आणि जाताना 'हे राहू दे रे माझ्याकडे, पहाटे महाबळेश्वरला कामाला येईल' म्हणतात. त्यांना दुकानातून नवीन घेऊन द्या.